डायलिसिस, विषारी धातू आणि संमिश्र पटल

कबनूर (जि. कोल्हापूर) : मूत्रपिंडे निकामी झाल्यावर रक्तातील युरिया, क्रिएटिनिन आणि जादा पाणी डायलिसिसद्वारे काढता येते. शिसे, पारा, कॅडमियम हे विषारी धातू मात्र त्यातून सहजासहजी निघत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी संमिश्र पटलांवर संशोधन सुरू आहे.

पटलाची रचना
यंत्रमागाच्या या परिसराला सुताची ओळख नव्याने करून द्यायला नको. डायलायझरच्या नळकांड्यातही सुमारे दहा हजार तंतू असतात. पण ते आतून पोकळ असतात. पोकळीचा व्यास जेमतेम ०.२ मिलिमीटर. आतून रक्त वाहते, बाहेरून उलट दिशेने डायलिसिसचे द्रावण. तंतूंच्या भिंतीतील सूक्ष्म छिद्रांतून लहान रेणू द्रावणात उतरतात. रक्तपेशी व प्रथिने आतच राहतात.

धातू का अडकतात?
रक्तातील बहुतांश शिसे तांबड्या पेशींना चिकटलेले असते. पारा व कॅडमियम प्रथिनांना. त्यामुळे छिद्रातून बाहेर पडण्याजोगा मोकळा अंश फारच थोडा उरतो. गंभीर विषबाधेत धातूंना बांधून घेणारी औषधे द्यावी लागतात, ती याचमुळे.

संमिश्र पटलात बहुवारिकामध्ये शोषक कण मिसळतात. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठात दुहेरी थराचे तंतू तयार झाले. त्यांच्या बाहेरच्या थरात सक्रिय कोळसा असून आतला थर त्याला रक्तापासून दूर ठेवतो. प्रथिनांना चिकटलेली विषद्रव्ये काढणे हा त्यामागील हेतू होता. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. जयेश बेल्लारे यांच्या गटाने २०११ मध्ये पॉलिसल्फोन आणि 'ई' जीवनसत्त्वापासून मिळणारे टीपीजीएस यांच्या संमिश्र तंतूंविषयी संशोधन प्रसिद्ध केले. त्यात भर होता तो पटल रक्ताला मानवण्यावर. धातूंसाठी गंधकयुक्त रासायनिक गट उपयोगी पडतात, कारण पारा व शिसे त्यांच्याकडे ओढले जातात. मात्र शरीराला हवे असलेले कॅल्शियम व जस्त निघून जाता कामा नये, कण रक्तात सुटता कामा नयेत आणि रक्त गोठता कामा नये. या तिन्ही कसोट्या अवघड आहेत.

पाण्यातून येणारा धोका
धातू काढण्याइतकेच ते आत येऊ न देणे महत्त्वाचे आहे. मिनिटाला अर्धा लिटर या वेगाने चार तासांच्या एका डायलिसिसला १२० लिटर द्रावण लागते. डायलिसिसच्या रुग्णांत दिसणाऱ्या स्मृतिभ्रंशाचा संबंध अॅल्युमिनियमशी असल्याचे १९७६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. कॅरिबियन समुद्रातील कुरासाव बेटावर १९९६ मध्ये सिमेंटचा थर दिलेल्या नव्या जलवाहिनीतून अॅल्युमिनियम पाण्यात उतरले आणि दहा रुग्ण दगावले.

आपल्याकडे नळपाणी योजनेत गाळ बसवण्यासाठी तुरटी वापरतात. तीही अॅल्युमिनियमचीच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात अॅल्युमिनियमची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०३ मिलिग्रॅम असून पर्यायी स्रोत नसल्यास ०.२ पर्यंत मुभा आहे. डायलिसिसच्या पाण्यासाठी ती ०.०१ आहे. म्हणजेच पिण्यास योग्य पाणी डायलिसिसला योग्य असेलच असे नाही.

म्हणून नवी पटले येईपर्यंत आर.ओ. यंत्रणा आणि तिच्या पाण्याची नियमित तपासणी हेच रुग्णाचे खरे संरक्षण आहे. या तपासणीचा अहवाल नातेवाइकांनी केंद्रात जरूर विचारावा. अॅल्युमिनियमयुक्त आम्लपित्तनाशके डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नयेत.