विद्येची वाट आणि घरची मोटार

मुलाला किंवा मुलीला परगावच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला की घरात आनंदाबरोबर काही प्रश्नही येतात. राहायचे कोठे, जेवणाची व्यवस्था कशी, आणि अलीकडे त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे : घरची मोटार बरोबर द्यावी की नाही? आपल्या मंडळाची स्थापना झाली त्या काळी हा प्रश्न कोणी विचारला असता, तर ऐकणाऱ्यांना ती थट्टा वाटली असती. सरकारी नोकराच्या दारी मोटार ही तेव्हा अपूर्वाईची वस्तू होती. साधी स्कूटर हवी असली तरी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि सरकारी कोट्यातून क्रमांक लागला की शेजाऱ्यांना पेढे वाटले जात. आज त्याच वसाहतींतून मोटार उभी करण्याच्या जागेवरून तंटे होतात. पन्नास वर्षांत हा पालट कसा घडला आणि त्यापासून आपण काय शिकावे, याचा थोडा मागोवा घ्यावा असे आम्हांस वाटले. मंडळाच्या वाटचालीचा इतिहास या अंकात अधिकारी लेखकांनी लिहिलेला असेलच. आम्ही आपल्या मुलांच्या वाटचालीचा, आणि तोही शब्दशः, इतिहास येथे मांडत आहोत.

महाविद्यालयात जायचे कसे, हे मुख्यतः महाविद्यालय कोठे आहे यावर ठरते. पुण्याचेच उदाहरण घ्या. १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले ते शहराच्या पेठांमधल्या वाड्यात. विद्यार्थी घरातून निघाला की काही मिनिटांत वर्गात पोहोचे. १८९५ साली कॉलेज नदीपलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी स्वतःच्या इमारतीत गेले आणि पेठांतल्या मुलांची रोजची पायपीट सुरू झाली. त्या कॉलेजात १८९१ पासून गणित शिकवणारे धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली आपला आश्रम शहरापासून काही मैलांवरच्या हिंगण्याला हलविला, आणि कॉलेज ते आश्रम हे अंतर ते पायी तोडू लागले. पावसात, चिखलात, काळोखात हा क्रम चालला. ज्या बाजूने अण्णांची ही ये-जा होई, तिकडे जाणाऱ्या हमरस्त्याला आज त्यांचेच नाव आहे. त्याच कर्वे रस्त्यावरून ६ मार्च २०२२ पासून डोक्यावरून मेट्रो धावू लागली. एकाच दिशेच्या वाटेवर सव्वाशे वर्षांत काय काय झाले, याचा हा बोलका पुरावा आहे.

मुंबईची गोष्ट निराळी. तेथे विद्यार्थ्यांच्या आधी शहरानेच वाहतुकीची सोय करून ठेवली. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम आली, १९०७ साली ती विजेवर चालू लागली, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची आगगाडी धावली आणि १५ जुलै १९२६ पासून बसही सुरू झाली. १९६४ साली ट्राम गेली, तरी लोकल टिकली. मुंबईत महाविद्यालयेही रेल्वेच्या आधाराने वाढली. चर्चगेटच्या परिसरातील कॉलेजे, माटुंग्याचे रुइया आणि रुपारेल, पार्ल्याची कॉलेजे, ही सारी स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. सवलतीचा पास खिशात असला की डोंबिवलीचा मुलगा आणि मलबार हिलचा मुलगा एकाच बाकावर बसून एकच व्याख्यान ऐके. मुंबईच्या विद्यार्थ्याला मोटारीचा प्रश्न फारसा पडला नाही, याचे श्रेय त्याच्या साधेपणापेक्षा रेल्वेकडे अधिक जाते.

मोटारीचा प्रश्न विद्यापीठांपुढे प्रथम जोराने उभा राहिला तो अमेरिकेत. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्याने टी नमुन्याच्या दीड कोटी गाड्या बाहेर काढल्या, आणि त्यांची किंमत तीनशे डॉलरांच्याही खाली आली. ऐपतदार बापाचा मुलगाच गाडी घेऊन कॉलेजात येईल, हे गणित त्यामुळे मोडले. वसतिगृहांसमोर गाड्यांच्या रांगा लागल्या, अपघात वाढले आणि अभ्यास मागे पडल्याची ओरड झाली. १९२७ साली प्रिन्स्टन विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या मोटारींवर बंदी घातली. त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठानेही तसाच निर्णय घेतला आणि तो जवळजवळ तीस वर्षे टिकविला. इंग्लंडमध्ये विद्यापीठांनी मधला मार्ग काढला. ऑक्सफर्डला विद्यार्थ्याने मोटार ठेवायची तर प्रॉक्टरची परवानगी लागे, आणि गाडीच्या पुढच्या बाजूस हिरवा दिवा लावावा लागे, म्हणजे रात्री कोण कोठे हिंडतो ते लांबूनच ओळखता यावे. केंब्रिजला ग्रेट सेंट मेरीज चर्चपासून दहा मैलांच्या आत परवान्याशिवाय मोटार ठेवण्यास मनाई होती, आणि यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला मोटार प्रॉक्टर असेच नाव होते. या नियमांना आपण हसू. परंतु त्यांच्यामागचा विचार हसण्यावारी नेण्याजोगा नाही. गाडी असलेला आणि नसलेला असे दोन वर्ग विद्यार्थ्यांत पडू नयेत, आणि वीस वर्षांच्या वयात हाती आलेल्या वेगाला कोणीतरी लगाम घालावा, हा तो विचार होय.

आपल्याकडे हीच चिंता वेगळ्या रूपाने आली. मद्रास आणि कानपूर येथील आयआयटी १९५९ साली सुरू झाल्या. त्यांचे आवार एखाद्या गावाएवढे, मद्रासचे तर गिंडीच्या जंगलात, जेथे आजही हरणे मोकळी हिंडतात. अशा संस्थांनी विद्यार्थ्यांना इंजिनाची वाहने न ठेवू देण्याचे धोरण स्वीकारले, आणि सायकल हेच तेथल्या विद्यार्थ्याचे वाहन ठरले. परप्रांतातून आलेला मुलगा पहिल्या आठवड्यात जुनी सायकल विकत घेतो आणि निघताना ती धाकट्यांच्या हवाली करतो. मंडळातील अनेक घरांना हा क्रम ठाऊक असेल.

दिल्लीचा इतिहास आपल्या अधिक जवळचा आहे. १९२२ साली दिल्ली विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा १८८१ सालचे सेंट स्टीफन्स आणि १८९९ सालचे हिंदू कॉलेज काश्मीरी गेटाजवळ होते. १९३३ साली विद्यापीठाला जुने व्हाइसरॉय निवास मिळाले आणि कॉलेजे एकेक करून रिजच्या बाजूस सरकली : सेंट स्टीफन्स १९४१ साली आणि हिंदू १९५३ साली. नेमक्या याच सुमारास केंद्र सरकारच्या नव्या वसाहती शहराच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहत होत्या. सरोजिनीनगर किंवा रामकृष्णपुरम येथे राहणाऱ्या मुलांना विद्यापीठ गाठण्यासाठी अख्खी दिल्ली ओलांडावी लागे. १९६२ साली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला, आणि त्याच वर्षी आपले चिंतामणराव देशमुख तेथे कुलगुरू झाले. ज्यांना रोज येणे शक्य नव्हते त्यांच्या घरी शिक्षण टपालाने जाऊ लागले. १९७३ साली दक्षिण परिसराची सुरुवात झाली. ज्यांना उत्तर परिसरातच शिकायचे होते, त्यांच्यासाठी यू-स्पेशल बस होती. ठराविक वेळी वसाहतीतून निघून ती थेट विद्यापीठाशी पोहोचे. तीत जडलेल्या मैत्रीच्या आणि क्वचित जमलेल्या लग्नांच्या कथा दिल्लीकर मराठी मंडळी अजून सांगतात. ही बस मध्यंतरी थांबून २०२५ साली विजेवरच्या गाड्यांच्या रूपाने पुन्हा सुरू झाली. परंतु खरा पालट घडविला तो मेट्रोने. २००४ च्या डिसेंबरात विश्वविद्यालय स्थानक उघडले, आणि ३ सप्टेंबर २०१० रोजी तीच मार्गिका केंद्रीय सचिवालयापुढे कुतुबमिनारपर्यंत गेली. ज्या प्रवासात पूर्वी सकाळ संपे, तो आता पुस्तकाची काही पाने वाचून होईपर्यंत पुरा होतो.

पुण्याचे मात्र उलटे झाले. सायकलींचे शहर म्हणून ज्याची ख्याती, तेथेच १९७२ साली लुना निघाली, बजाजची चेतकही त्याच वर्षीची, आणि १९८४ मध्ये गिअर नसलेली, बटण दाबताच सुरू होणारी कायनेटिक होंडा आली. शहरी बस १९५० पासून होती, पण ती वाढत्या उपनगरांना पुरी पडली नाही. ती उणीव दुचाकीने भरून काढली. तोंडाला रुमाल गुंडाळून स्कूटर चालविणारी कॉलेजकन्या ही पुण्याची खूण बनली. मुलींच्या शिक्षणाला या दुचाकीने केवढा हात दिला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पाठीशी भाऊ किंवा वडील नसताना संध्याकाळचा वर्ग, वाचनालय आणि शिकवणी तिला शक्य झाली. पुढे १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती गिऱ्हाइकाच्या हाती पडली, आणि पहिल्या मारुतीच्या मालकांची नातवंडे कॉलेजात जाईतो मोटार मध्यमवर्गाच्या अंगणात स्थिरावली होती.

आता या प्रश्नाच्या गंभीर बाजूकडे वळू. दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये रात्री एका खाजगी बसमध्ये चढलेल्या विद्यार्थिनीवर जो अत्याचार झाला आणि ज्यात तिचा अंत झाला, त्यानंतर कित्येक आईबापांनी मनाशी ठरविले की मुलीला स्वतःचे वाहन द्यायचेच. ही भीती खोटी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु दुसरे पारडेही हलके नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये तिरुवनंतपुरमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात ओणमच्या उत्सवात विद्यार्थ्यांच्याच जीपची धडक बसून एक विद्यार्थिनी दगावली, आणि केरळात महाविद्यालयांच्या आवारातील वाहनांवर निर्बंध आले. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरची होती, आणि मृतांचा मोठा भाग तरुण वयाचा होता. बसची भीती आणि रस्त्याची भीती या दोन्ही खऱ्या आहेत. एकीपासून पळताना दुसरीच्या तोंडी आपण मूल देत नाही ना, हे पाहणे पालकांचे काम आहे.

कायद्याचेही भान हवे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मोटार चालविण्याचे वय अठरा ठरविले आहे. बारावी होऊन पहिल्या वर्षाला जाणारी पुष्कळ मुले सतरा वर्षांचीच असतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक वा मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरी बाब नोंदणीची. एका राज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, नव्या राज्याचा कर आणि जुन्या कराच्या परताव्याचा पाठपुरावा, असे सारे सोपस्कार ओघानेच येतात. बदलीच्या नोकरीतल्या आपल्या मंडळींना हा व्याप परिचित आहे. सप्टेंबर २०२१ पासून भारत मालिकेचा क्रमांक निघाला आणि केंद्र सरकारच्या नोकरांची यातून बरीच सुटका झाली. तरीही गाडी कोणाच्या नावे आहे, विमा चालू आहे की नाही आणि चालविणाऱ्याकडे परवाना आहे की नाही, हे तीन प्रश्न कोणत्याही क्रमांकाने सुटत नाहीत.

या साऱ्या इतिहासातून आम्हांस एक सरळ निष्कर्ष दिसतो. जेथे शहराने वाहतुकीची व्यवस्था केली, तेथे विद्यार्थ्याला मोटारीची गरज पडली नाही. जेथे ती केली नाही, तेथे प्रत्येक घराने आपापल्या पैशाने ती उणीव भरून काढली. म्हणून निर्णय करताना मुलाच्या हौसेपेक्षा आणि शेजाऱ्यांच्या उदाहरणापेक्षा नकाशा आधी पाहावा. कॉलेज, राहण्याची जागा आणि जवळचे स्थानक यांतील अंतर मोजावे. गाडीचे इंधन, विमा, दुरुस्ती आणि उभी करण्याचे भाडे यांची महिन्याची बेरीज करावी आणि तीच रक्कम कॉलेजाजवळच्या खोलीच्या भाड्यात घातली तर काय होईल ते पाहावे. पुष्कळदा गाडीपेक्षा जवळची खोली स्वस्तही पडते आणि सुरक्षितही. मुंबईला निघालेल्या मुलाला गाडी देणे म्हणजे त्याला वाहनतळाच्या शोधात गुंतविणे आहे. उलट शहराबाहेर माळावर वसलेल्या महाविद्यालयात, जेथे शेवटची बस संध्याकाळीच जाते, तेथे मुलीला वाहन नाकारणे हाही हट्टच ठरेल. जेथे निश्चित सांगता येत नाही, तेथे पहिले सहामाही सत्र वाहनावाचून काढावे. तेवढ्या काळात मूल शहर ओळखते आणि शहर मुलाला ओळखते. त्यानंतर त्याने मागितलेले वाहन हे गरजेचे असण्याचा संभव अधिक.

आणखी एक गोष्ट आम्हां परप्रांतस्थ मराठी माणसांना सांगावीशी वाटते. आपल्यापैकी बहुतेकांनी परकी भाषा प्रथम शिकली ती बसच्या रांगेत आणि गाडीच्या डब्यात. कंडक्टरशी झालेली हुज्जत, शेजारी बसलेल्या सहाध्यायाने दिलेला डब्यातला घास, चुकलेल्या थांब्यावर वाट दाखविणारा अनोळखी माणूस, यांतूनच परके शहर आपले झाले. काचा वर केलेल्या मोटारीतून जाणाऱ्या मुलाला हे सारे मिळावे अशी तजवीज आईबापांना वेगळी करावी लागेल.

मंडळाची पुढील पन्नास वर्षे सुरू होत आहेत. शताब्दीच्या अंकात कोणी हा विषय पुन्हा हाती घेईल, तेव्हा रस्त्यावर कोणती वाहने असतील हे आज कोणी सांगू शकत नाही. आपली मुले ज्या वाटेने विद्येकडे जातील ती वाट त्यांना सुखरूप नेणारी आणि सुखरूप घरी आणणारी असो, एवढीच प्रार्थना करून आम्ही लेखणी ठेवतो.