आधी गाडी, मग विचारपूस

आमच्या राळेगावात ‘रुग्णवाहिका’ हा शब्द पाटीवरच राहिला. रस्त्यात कुणी पडले की लोक ओरडतात, ‘एकशेआठ बोलवा!’ आकड्याचाच शब्द झाला. शब्दांवर जगणाऱ्या मला याची गंमत वाटते. पण या आकड्यापर्यंत यायला फार काळ गेला.

मुंबईचे अग्निशमन दल १८८७ साली महापालिकेकडे आले. तेव्हा बंब घोडे ओढत. पण बंबवाल्यांनी पाणी मारण्याआधी घरमालकाची ऐपत विचारली नाही. विचारून चालणारच नव्हते. आग शेजाऱ्याकडे जाते. जखम जात नाही. म्हणून आग लवकर सगळ्यांची झाली आणि जखम ज्याची त्याच्याकडे राहिली, असे मला वाटते.

मोटारीने उडवलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने घेतले नाही. पोलिस केस, वीस किलोमीटरवरच्या रुग्णालयात न्या, असे सांगितले. तो वाटेतच गेला. ही बातमी वाचून परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८९ साली निकाल लागला, की आधी जीव वाचवा, कागद नंतर.

निकाल झाला, पण दवाखान्यापर्यंत न्यायचे कुणी? आमच्याकडे बंडीत गादी टाकून नेत, पुढे काळीपिवळी आली. तिचे भाडे आधी ठरवावे लागे. घासाघीस करताना रोग्याकडे कुणी पाहत नसे.

श्रोतेहो, मुंबईत २००५ साली काही तरुण मित्रांनी १२९८ ही सेवा सुरू केली, त्यातली एक युक्ती मला फार आवडते. ऐपत विचारायची नाही, कुठे जायचे तेवढे विचारायचे. खासगी रुग्णालयात जाणाऱ्याने पूर्ण भाडे द्यावे, सरकारी रुग्णालयात जाणाऱ्याने कमी. अपघातात एकटा सापडलेल्याकडून काहीच घ्यायचे नाही. गरिबाला आपली गरिबी सिद्ध करावी लागली नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री या गाड्याही जखमींसाठी धावल्या.

त्याच २००५ साली हैदराबादेत १०८ सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ साली आली, ९३७ गाड्या घेऊन. प्रत्येक गाडीत डॉक्टर आणि भाडे शून्य. शहराची सोय प्रथमच एकदम तालुक्यालाही मिळाली.

अडते ते दुसरीकडे. फोन लागे पुण्याला. ‘मारुतीच्या पारापासून पुढे, नाल्याच्या अलीकडे,’ हा आमचा पत्ता पुण्यातल्या माणसाला कसा कळावा? २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे विषबाधेने दगावली. शेताला ना नाव, ना नंबर. फवारणाऱ्याला घेरी आली तर तिथला ठावठिकाणा सांगणार कोण? ११२ या राष्ट्रीय क्रमांकाला आता मोबाइलच्या ॲपवरूनही हाक देता येते. बोलता न येणाऱ्यालाही त्याचा आधार आहे. मात्र शेतात रेंज हवी.

आणि फोन करणाऱ्याची भीती? साक्षीला बोलावतील, नाव लिहून घेतील म्हणून लोक लांबून पाहत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आणि मोटार वाहन कायद्याने २०१९ साली मदत करणाऱ्याला संरक्षण दिले. नाव सांगण्याची सक्ती नाही. आमच्या बसस्टँडवर मी हे सांगतो, तेव्हा लोक दोनदा विचारतात, ‘खरंच का, भाऊ?’