खरे, वासुदेवशास्त्री

खरे, वासुदेव वामन : (५ ऑगस्ट १८५८ – ११ जून १९२४). मराठी इतिहाससंशोधक, चरित्रकार, कवी व नाटककार. ‘वासुदेवशास्त्री खरे’ या नावाने प्रसिद्ध. उपजीविकेने मिरजेच्या हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक. पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील पत्रव्यवहार ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या ग्रंथमालेतून प्रसिद्ध करून त्यांनी पेशवाईच्या उत्तरार्धाच्या इतिहासाला अस्सल कागदांचा भक्कम आधार मिळवून दिला.

शिक्षण व अध्यापन : जन्म कोकणातील गुहागर येथे. उच्च संस्कृत अध्ययनासाठी ते साताऱ्यास गेले आणि तेथे अनंताचार्य गजेंद्रगडकर यांच्यापाशी त्यांनी शास्त्राभ्यास केला. ग्रंथ पंक्तिशः लावायचा, शब्द न् शब्द उलगडायचा, पूर्वापर संदर्भ जुळल्याशिवाय पुढे सरकायचे नाही, ही पाठशाळेची शिस्त पुढे जुनी पत्रे लावताना त्यांच्या कामी आली. १८८० साली पुण्यात सुरू झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांनी काही काळ संस्कृत शिकवले. त्यानंतर ते मिरजेच्या हायस्कुलात रुजू झाले आणि तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी तेथेच अध्यापन केले. मिरज तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते.

पटवर्धनांची दप्तरे : रत्नागिरीकडील कोतवड्याचे हरभट पटवर्धन हे इचलकरंजीकर घोरपड्यांचे कुलोपाध्याय. त्यांचे पुत्र व नातू पेशव्यांच्या लष्करात सरदार म्हणून पुढे आले. गोपाळराव, वामनराव, पांडुरंगराव, परशुरामभाऊ अशा या घराण्यातील पुरुषांनी विशेषतः कर्नाटकातील मोहिमांचा भार वाहिला. छावणीतून घरी, घरून छावणीत आणि पुण्याच्या वकिलाकडून सरदारांकडे सतत पत्रे जात. त्यांत लढायांच्या बातम्या असत, तशाच धान्याच्या टंचाईच्या, सावकाराच्या तगाद्याच्या आणि दरबारातील कानगोष्टींच्याही असत. मोडी लिपीतील हे कागद रुमालांत बांधलेले पडून होते. मिरजेत स्थायिक झालेल्या शास्त्रीबोवांना त्यांचे मोल कळले. शाळेचे काम सांभाळून त्यांनी ते वाचले, निवडले, तारखा लावल्या आणि बाळबोध (देवनागरी) लिपीत उतरवले.

ऐतिहासिक लेखसंग्रह : काव्येतिहाससंग्रह (१८७८) या मासिकाने जुने कागद छापण्याचा पायंडा पाडला होता. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, तर द. ब. पारसनीस यांनी साताऱ्यात साधनसंग्रहाचे मोठे काम उभारले. याच काळात, १८९७ मध्ये, खरे यांनी मिरजेतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ मासिकरूपाने सुरू केला. त्याचे बारा खंड त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले. पुढील काही खंड त्यांचे पुत्र यशवंत वासुदेव खरे यांनी काढले.

पानिपतानंतरची घडी, थोरल्या माधवराव पेशव्यांच्या स्वाऱ्या, १७७३ मधील नारायणराव पेशव्यांचा खून, रघुनाथरावांविरुद्ध मुत्सद्द्यांनी केलेले बारभाईंचे कारस्थान, इंग्रजांशी झालेले पहिले युद्ध, १७७७ मधील सावशीच्या लढाईत पांडुरंगरावांचे म्हैसूरच्या हैदर अलीच्या हाती सापडणे, १७९१ साली धारवाडचा किल्ला घेणे, १७९५ ची खर्ड्याची लढाई अशा घटना या पत्रांतून प्रत्यक्ष सहभागी माणसांच्या शब्दांत कळतात.

या संग्रहाचा विशेष त्याच्या संपादनात आहे. खरे यांनी पत्रे कालानुक्रमाने लावली आणि प्रकरणांना विस्तृत ऐतिहासिक प्रस्तावना जोडल्या. पत्र लिहिणाऱ्याला व वाचणाऱ्याला जे ठाऊक होते म्हणून कागदावर आले नाही, ते या प्रस्तावनांत सांगितलेले असते : कोण कोणाचा आप्त, फौज कुठून निघाली, तह कशामुळे मोडला. त्यामुळे सुटे कागद सलग वृत्तान्तासारखे वाचता येतात. विद्यार्थ्याची अडचण आधीच ओळखून पाठ मांडणारा शिक्षक या संपादनात जागोजाग दिसतो.

इतर इतिहासलेखन : ‘नाना फडनवीस यांचे चरित्र’ (१८९२) हा त्यांचा चरित्रग्रंथ लेखसंग्रहाच्या आधीचा. ‘हरिवंशाची बखर’ (१९०९) पटवर्धन घराण्याविषयीची आहे. शीर्षकातील ‘हरि’ म्हणजे मूळपुरुष हरभट. ‘इचलकरंजी संस्थानचा इतिहास’ (१९१३) आणि ‘मालोजी व शहाजी’ (१९२०) हे त्यांचे अन्य ग्रंथ. घोरपडे आणि पटवर्धन या दोन घराण्यांचा जुना संबंध लक्षात घेता इचलकरंजीचा इतिहास लेखसंग्रहाला पूरक ठरतो.

काव्य व नाटके : ‘यशवंतराव महाकाव्य’ (१८८८) ही त्यांची प्रमुख काव्यरचना. गुणोत्कर्ष, तारामंडल, चित्रवंचना, कृष्णकांचन, शिवसंभव, उग्रमंगल ही त्यांची नाटके. ‘उग्रमंगल’ बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले व त्यात मास्टर दीनानाथ मंगेशकर यांनी भूमिका केली.

मूल्यमापन : खरे यांची साधने मुख्यतः एका घराण्याच्या दप्तरांतली. साहजिकच घटना पटवर्धनांच्या छावणीतून दिसतात आणि शिंदे, होळकर, भोसले यांच्या बाजूसाठी अभ्यासकाला अन्य साधनांकडे जावे लागते. मात्र एकाच घराण्याची इतकी वर्षे चाललेली पत्रे सलग हाती येणे ही दुर्मिळ गोष्ट आहे. माणसांचे स्वभाव कसे बदलले, विश्वास कसा वाढला व तुटला, हे त्यातूनच कळते. संस्थानी गावातील शिक्षकाने नोकरी सांभाळून, हाताशी असलेल्या कागदांवर वर्षानुवर्षे निष्ठेने केलेले हे काम आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी राज्याचा अभ्यास करणाऱ्याला लेखसंग्रह आजही टाळता येत नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत पडून असलेल्या खासगी दप्तरांचे काय करता येते, याचा खरे यांनी घालून दिलेला वस्तुपाठ तितकाच मोलाचा आहे.