पॉइंट टू टू

परवा रविवारी रेंजवर गेलो. तब्बल चौदा महिन्यांनी.

मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात स्कूटर घसरली आणि उजव्या मनगटाचा चुरा झाला. प्लेट बसवली, व्यायाम झाले, मेणाच्या भांड्यात हात बुडवून झाला. आता या हाताने जेवता येतं, सहीसुद्धा बँकेला पटते. पण किलोभर वजनाचं पिस्तूल हात लांब करून धरायचं म्हटलं, की चार-पाच सेकंदांतच मनगट थरथरायला लागतं. डॉक्टर म्हणाले, "एवढंच येणार." मग घरी जाहीर करून टाकलं, की आपलं शूटिंग संपलं. बायको काही बोलली नाही. पण कानावर लावायचे मफ तिने माळ्यावर टाकले नाहीत, एवढं मात्र लक्षात आलं होतं.

आणि गेल्या आठवड्यात कोचसरांचा फोन. "काका, क्लबात नवीन पॉइंट टू टू आलंय. डावी ग्रिप पण मागवलीय. येऊन बघा तरी."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ तळहाताच्या आकाराने कोरलेली असते. उजव्या हाताची मूठ डाव्या हातात बसतच नाही, उजव्या पायातला बूट डाव्या पायात घालावा तसं होतं. ही डावी ग्रिप आमच्याकडच्या एका डावखुऱ्या मुलीसाठी मागवलेली. तिचा हात छोटा, त्यामुळे माझ्या करंगळीला जागा मिळेना. पण म्हटलं, बघूया.

"पॉइंट टू टू" हा शब्द आमच्या पिढीला एनसीसीमुळे पाठ. कॉलेजच्या कॅम्पमध्ये पालथं झोपून पहिल्यांदा गोळी झाडली ती त्याच रायफलने. 'थ्री नॉट थ्री'ने खांदा निळा पडतो, असल्या गोष्टी सीनियर मुलं रंगवून सांगायची. त्यामुळे मी डोळे मिटूनच घोडा ओढला होता. आवाज झाला आणि... काहीच नाही. धक्का जवळजवळ नाहीच! थोडा अपेक्षाभंगच झाला खरं तर.

असो. लेनवर उभा राहिलो. समोर २५ मीटरवर कार्ड. त्यातलं काळं वर्तुळ २० सेंटिमीटरचं आणि मधला दहाचा गोल ५ सेंटिमीटरचा. मॅगझिनमध्ये पाच गोळ्या. डावा हात वर केला. आपलाच हात, पण कुणा पाहुण्याचा असावा तसा वाटत होता. पहिली गोळी कुठे गेली देव जाणे. दुसरी कार्डाच्या कडेला लागली. तिसऱ्या वेळी नुसतंच 'टिक'!

अशा वेळी पिस्तूल हलवायचं नाही. नळी समोरच ठेवायची, मोकळा हात वर करायचा आणि थांबायचं, कारण क्वचित गोळी उशिरा पेटते. तर मी थांबलो.

हे 'टिक' या काडतुसाच्या जन्मापासून त्याच्या मागे लागलेलं आहे. मोठ्या काडतुसात ठिणगी पाडणारा मसाला बुडाच्या मध्यभागी वेगळ्या टोपीत असतो. रिमफायरमध्ये तो बुडाच्या दुमडलेल्या पोकळ कडेत भरलेला असतो. कारखान्यात काडतूस गरगर फिरवून तो कडेत पसरवतात. पिन कडेवर आपटते. नेमका तिथेच मसाला पोचला नसेल, तर गोळी फुसकी. आणि पिनच्या ठोक्याने ती कड चेपली पाहिजे म्हणून पितळ पातळच ठेवावं लागतं. पातळ पितळात जास्त दारू भरता येत नाही. म्हणून ही गोळी लहान राहिली, स्वस्त राहिली आणि सौम्य राहिली.

मुळात ती घरात खेळायलाच जन्मली. १८४५ मध्ये फ्लोबेर नावाच्या फ्रेंच कारागिराने बंदुकीच्या ठिणगीच्या टोपीतच एक बारकी गोळी बसवली. वेगळी दारू नाहीच. आपल्या दिवाळीतल्या टिकलीने खडा उडवावा, तसला प्रकार. श्रीमंत लोक दिवाणखान्यात नेमबाजी करत.

पुढे अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी त्यात थोडी दारू घातली आणि सात गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. साल १८५७! आपल्याकडे बराकपूर आणि मेरठला एन्फिल्डच्या चरबी लावलेल्या कागदी काडतुसांवरून आग भडकली होती ती याच वर्षी. दातांनी फोडायची काडतुसं इकडे, आणि तोंड लावायची गरजच नसलेलं धातूचं काडतूस तिकडे. दोन्ही एकाच कॅलेंडरवर. शाळेत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आज आपण ज्याला पॉइंट टू टू म्हणतो ते 'लाँग रायफल' काडतूस मात्र अमेरिकेतल्याच स्टीव्हन्स कंपनीचं, १८८७ सालचं. गोळीचं वजन सुमारे २.६ ग्रॅम. ते अजून तसंच चाललंय.

थांबायची वेळ संपली. सरांनी मॅगझिन काढायला लावलं, काडतूस बाहेर आलं. कडेवर पिनची बारीक खूण. "थोडं फिरवून पुन्हा घाला," सर म्हणाले. घातलं. वाजलं.

"काका, तुम्हाला ताकाच माहितीय ना?" शेजारच्या लेनवरून ती डावखुरी मुलगी म्हणाली. माहितीय बाई! मनगट मोडल्यापासून व्हॉट्सअॅपवर तो मला अकरा जणांनी पाठवलाय. खाली हात जोडलेले आणि 'इच्छाशक्ती'.

कारोली ताकाच हंगेरीच्या सैन्यातला सार्जंट. १९३६ च्या ऑलिंपिक संघात त्याला घेतलं नाही, कारण तिथे फक्त कमिशन्ड अधिकारी चालत. १९३८ मध्ये सदोष हातबॉम्ब फुटून उजवा हात निकामी झाला. महिनाभर इस्पितळ, मग गुपचूप डाव्या हाताने सराव, आणि १९३९ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद. युद्धामुळे दोन ऑलिंपिक बुडाली. १९४८ मध्ये लंडनला, वयाच्या ३८ व्या वर्षी, रॅपिड फायर पिस्तूलमध्ये ६०० पैकी ५८० गुण, विश्वविक्रम आणि सुवर्ण. १९५२ ला हेलसिंकीत पुन्हा सुवर्ण. त्या प्रकारात पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या झाडायच्या असतात, कधी आठ सेकंदांत, कधी सहा, कधी चार. आपल्या विजयकुमारने २०१२ मध्ये, पुन्हा लंडनलाच, रौप्य मिळवलं ते याच प्रकारात. तोही फौजीच.

पण त्या निरोपांत एक गोष्ट कधीच नसते. ताकाच हा काही नवशिका नव्हता. हात नवा होता, नेमबाज जुना होता. माशी कुठे थांबवायची, श्वास कधी सोडायचा, घोड्यावरचा दाब कसा वाढवायचा, हे त्याला आधीच येत होतं. त्याच्या यशाने मी भारावून जातो, नाही असं नाही. पण मला परवा प्रश्न पडला होता तो वेगळाच. माझी तीस वर्षांची नेमबाजी (क्लबच्या दर्जाची का होईना) त्या मोडक्या मनगटात होती, की आणखी कुठे?

चाळीस गोळ्या झाडल्या. शेवटच्या दहांचं कार्ड सरांनी आणून टेबलावर ठेवलं. दोन गोळ्या बाहेर, एक चुकून नऊला. उरलेल्या सात काळ्याच्या खाली, उजव्या बाजूला, घड्याळातल्या पाचच्या आसपास मुठीएवढ्या जागेत गोळा झालेल्या.

सर हसायला लागले. मलाही कळलं. उजव्या हाताने मारायचो तेव्हा माझ्या गोळ्या सातवर जायच्या, खाली डावीकडे. घोडा ओढताना शेवटच्या क्षणी मी मनगट झटकतो, हा माझा जुना रोग. तीस वर्षं प्रत्येक कोचने त्यासाठी मला शिव्या घातल्यात. आणि आता हाच रोग आरशात बघावा तसा डाव्या हातात आला होता, एका दिवसात, न शिकवता.

"हात नवा घेतलात, खोड जुनीच आणलीत," सर म्हणाले.

इतका आनंद मला स्वतःच्या चुकीचा कधी झाला नव्हता. कार्ड घडी करून खिशात घातलं. त्या मुलीला विचारलं, ग्रिपची करंगळीकडची बाजू थोडी घासली तर चालेल का. ती म्हणाली, "अजिबात नाही काका, तुमची तुम्ही मागवा."

मागवली आहे. यायला दोन-तीन महिने लागतील म्हणतात.