शीड उभारण्यापूर्वीं

समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसाच्या मनांत समुद्राविषयीं हौस आणि भीति या दोन्ही भावना एकत्र नांदत असतात. यवतमाळ जिल्ह्यांतील दारव्हा हें गांव मुंबईच्या किनाऱ्यापासून सरळ रेषेनें मोजलें तरी पांचशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेथील जमीन काळी, पीक कापसाचें, आणि पाण्याची ओळख विहिरीची व नदीची. तरीहि या गांवाचा समुद्राशीं संबंध अगदींच नाहीं असें म्हणतां येत नाहीं. त्या तालुक्यांतून वाहणारी अडाण नदी पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहितेचें पाणी गोदावरीबरोबर बंगालच्या उपसागरास जातें. येथील कापूसहि एके काळीं दारव्ह्याहून मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीनें मुंबई बंदराची वाट धरीत असे. गांवचें पाणी पूर्वेच्या समुद्रास व गांवचा कापूस पश्चिमेच्या समुद्रास जात असतां माणसानेंच काय ती दर्याची धास्ती घ्यावी, हें कांहींसें नवलाचें आहे.

पांच-सहा आप्तेष्टांनीं मिळून शिडाच्या लहान नौकेंतून लक्षद्वीप, अंदमान किंवा मॉरिशस यांसारख्या उष्ण कटिबंधांतील बेटांची सहल करावी, अशी हौस आतां समुद्रापासून दूर असलेल्या घरांतहि दिसूं लागली आहे. असा बेत ठरला कीं प्रथम बोलणें निघतें तें कपड्यांचें आणि खर्चाचें. इतिहासाला विचारलें तर तो निराळेच तीन प्रश्न पुढें ठेवतो: वारा कोणता, पाणी किती, आणि सोबती कोण? ज्यांनीं या तीन प्रश्नांचीं उत्तरें किनाऱ्यावर असतांनाच शोधलीं, त्यांचा प्रवास पार पडला. ज्यांना तीं भर समुद्रांत शोधावीं लागलीं, त्यांचे हाल झाले.

यांपैकीं वाऱ्याचा प्रश्न सर्वांत जुना. कोकणांतील कोळी व खलाशी यांनीं तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानें पंचांगांत बसवून टाकला आहे. ज्येष्ठाच्या सुमारास नैर्ऋत्येचा वारा जोर धरूं लागला कीं होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवावयाच्या, आणि श्रावणांतील नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करून पुन्हां समुद्राकडे वळावयाचें, असा हा क्रम आहे. मधल्या काळांत खलाशाला विश्रांति नसे. नौकेचा तळ खरवडणें, फळ्यांचे सांधे बुजविणें, फाटलेलीं शिडें शिवणें, कुजलेले दोर काढून टाकणें हीं कामें तेव्हांच होत. जी नौका आश्विनांत डौलानें चालतांना दिसे, तिचा डौल आषाढांतल्या या कष्टांवर उभा असे.

शिवाजी महाराजांनीं १६६५ च्या फेब्रुवारींत मालवणहून बसरूरवर समुद्रमार्गें स्वारी केली, तीहि याच हिशेबानें. कारवारच्या इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांत या आरमारांत ३ मोठीं जहाजें व ८५ लहान गलबतें असल्याचा उल्लेख आढळतो. माघ-फाल्गुनांत पश्चिम किनाऱ्यावर आकाश स्वच्छ असतें, आणि उत्तरेकडून येणारा वारा दक्षिणेस जाणाऱ्या शिडांना अनुकूल असतो. परततांना मात्र तोच वारा तोंडावर येतो. बसरूरहून परत येतांना महाराज गोकर्णास उतरले, तेथें त्यांनीं तीर्थस्नान केलें, आणि आरमाराच्या बऱ्याचशा भागाला निरोप देऊन पुढचा मार्ग खुष्कीनें धरला. शिडानें जाणाऱ्यानें जाण्याच्या वाऱ्याबरोबर परतीच्या वाऱ्याचाहि विचार घरून निघतांनाच करावा लागतो, हें या मोहिमेवरून सहज ध्यानांत येतें.

बेट जितकें दूर, तितका हा हिशेब अवघड होतो. गोवा विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १५ अंशांवर आहे, तर मॉरिशस दक्षिणेस सुमारें २० अंशांवर. या दोहोंच्या मध्यें विषुववृत्ताजवळचा मंद व लहरी वाऱ्यांचा पट्टा पडतो. तेथें शीड दिवस दिवस नुसतें लोंबत राहतें. तो ओलांडल्यावर आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे भेटतात. मॉरिशसच्या बाजूस चक्रीवादळें मुख्यतः नोव्हेंबर ते एप्रिल या महिन्यांत होतात, आणि अरबी समुद्रांतील वादळें पावसाळ्याच्या आधीं व नंतर उठतात. तेव्हां सुटी कधीं मिळते हें पाहून समुद्राचा महिना ठरवितां येत नाहीं. समुद्राचा महिना पाहून सुटी मागावी लागते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. याच मॉरिशसकडे एकोणिसाव्या शतकांत पुष्कळ मराठी माणसें मजुरीच्या करारावर शिडाच्या जहाजांतून गेलीं. १८३४ पासून असे मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरूं लागले. त्या जागेस आज आप्रवासी घाट म्हणतात. या माणसांचा प्रवास हौसेचा नव्हता. जहाजांत पाणी किती भरलें, तांदूळ किती घेतला, एका फळीवर किती जणांनीं निजावें, यांपैकीं एकहि गोष्ट त्यांच्या हातीं नव्हती. मजुरांच्या या रवानगींतील गैरप्रकारांचा बोभाटा इतका झाला कीं १८३९ मध्यें सरकारला ती कायद्यानें बंद करावी लागली. १८४२ मध्यें मॉरिशसपुरती ती सरकारी देखरेखीखालीं पुन्हां सुरू झाली. त्यांच्या वंशजांनीं तेथें मराठी भाषा व गणेशोत्सव जतन केला आहे, आणि गणेशचतुर्थी हा त्या देशांत सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. आज हौसेनें त्या बेटाकडे जाणाऱ्यानें या पूर्वजांची आठवण ठेवणें उचित होय. कारण जो हिशेब करण्याचा अधिकार त्यांना मिळाला नाहीं, तो आजच्या प्रवाशाच्या हातीं आहे.

तो हिशेब कठीणहि नाहीं. उष्ण हवेंत उन्हांत काम करणाऱ्या माणसास पिण्यास व अन्न शिजविण्यास दिवसाला चार लिटर पाणी धरावें. सहा माणसें व दहा दिवस म्हणजे २४० लिटर झालें. वारा पडल्यास प्रवास लांबतो म्हणून त्यांत निम्म्याची भर घालावी, म्हणजे ३६० लिटर होतें. हें सारें पाणी एकाच टाकींत कधींहि भरूं नये. एक टाकी फुटली किंवा नासली तर दुसरी उपयोगी पडावी, म्हणून तें दोन-तीन ठिकाणीं विभागून ठेवावें. खाऱ्या पाण्याचें गोडें पाणी करणारें यंत्र बरोबर असलें तरी भरलेल्या पाण्यांत काटकसर करूं नये, कारण यंत्र हेंहि बिघडणारी वस्तु आहे. अन्नाविषयींचा धडा तर आरमारांनीं शेंकडों माणसें गमावून घेतला आहे. १७४७ मध्यें जेम्स लिंड या डॉक्टरानें 'सॅलिसबरी' जहाजावर हिरड्या सुजून खंगलेले १२ खलाशी घेऊन त्यांच्या सहा जोड्या केल्या व प्रत्येक जोडीस निराळा उपाय दिला. संत्रीं व लिंबें खाणारी जोडी सर्वांत लवकर सुधारली. तरीहि ब्रिटिश आरमारांत लिंबाचा रस सरसकट मिळण्यास १७९५ साल उजाडावें लागलें. विदर्भांत ज्या फळाच्या बागाच्या बागा उभ्या आहेत, त्या एका फळाच्या अभावीं जगांतील उत्तमोत्तम जहाजांवर माणसें मेलीं.

वारा व पाणी यांच्यानंतर नौका व सोबती यांचा विचार येतो. या बाबतींत अगदीं अलीकडच्या काळांतील एक उदाहरण विस्तारानें सांगण्याजोगें आहे. व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी हे १९७१ च्या युद्धांत वीरचक्र मिळविलेले नौदलाधिकारी. निवृत्तीनंतर ते सातारा जिल्ह्यांत फलटणजवळच्या विंचुर्णी या गांवीं राहिले. समुद्र तेथूनहि दूरच. पण भारतीय माणसानें भारतांत बांधलेल्या शिडाच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना त्यांनीं धरली व नौदलाच्या गळीं उतरविली. २००६ मध्यें कमांडर दिलीप दोंदे या मराठी अधिकाऱ्यानें त्या कामासाठीं आपलें नांव दिलें.

नांव दिल्यावर ते लगेच निघाले नाहींत. प्रथम ते इंग्लंडांत सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे शिकावयास गेले. एकट्यानें व न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. १९६८-६९ मध्यें ज्या 'सुहेली' नौकेनें त्यानें ती केली, ती मुंबईंतच सागवानी लांकडाची बांधलेली होती. मग गोव्यांत दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत 'म्हादेई' ही ५६ फूट लांबीची नौका बांधण्यास घेतली. दांडेकरांनीं अशी समुद्रगामी शिडाची नौका पूर्वीं बांधलेली नव्हती, आणि दोंदे यांनीं अशा नौकेंतून एकट्यानें महासागर ओलांडलेला नव्हता. बांधकाम चालूं असतां दोंदे तेथेंच राहिले. कोणती नळी कोठून जाते, कोणता खिळा कोणत्या फळींत बसला आहे, हें त्यांना माहीत झालें तें या मुक्कामांत. भर समुद्रांत कारागीर बोलावितां येत नाहीं. तेव्हां कारागिराची विद्याच बरोबर नेणें भाग असतें.

१२ फेब्रुवारी २००९ रोजीं 'म्हादेई' नौदलांत दाखल झाली. त्यानंतरहि मोठा प्रवास एकदम सुरू झाला नाहीं. दोंदे प्रथम मोजक्या सोबत्यांसह मॉरिशसला गेले, आणि तेथून परततांना एकटे आले. सोबत असतांना चुका उमगाव्या आणि एकटेपणीं त्या सुधाराव्या, अशी ही परीक्षा होती. १९ ऑगस्ट २००९ रोजीं त्यांनीं मुंबई सोडली व १९ मे २०१० रोजीं ते मुंबईस परत आले. मधल्या २७३ दिवसांत त्यांनीं फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ले व केप टाऊन अशा चार ठिकाणीं मुक्काम केला. प्रत्यक्ष समुद्रावर ते १५७ दिवस होते. म्हणजे समुद्रावरील सुमारें पांच महिन्यांसाठीं किनाऱ्यावर तीन वर्षांहून अधिक काळ तयारी झाली. हें प्रमाण पाहिलें म्हणजे तयारी हा प्रवासाचाच मोठा भाग आहे हें पटतें.

दोंदे यांनीं पुढें ज्या सहा स्त्री-अधिकाऱ्यांना तयार केलें, त्यांची कथा लहान चमूच्या दृष्टीनें अधिक बोधप्रद आहे. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालीं या सहाजणी १० सप्टेंबर २०१७ रोजीं गोव्याहून 'तारिणी' या नौकेंतून निघाल्या. त्यांच्याहि शिक्षणांत 'म्हादेई'वरून केलेली मॉरिशसची सफर होती. जानेवारी २०१८ मध्यें त्यांनीं केप हॉर्नचें दुर्घट टोंक ओलांडलें. परंतु घर जवळ आलें असतां सुकाणूंत बिघाड झाला, आणि ठरलेल्या कार्यक्रमांत नसतांहि त्यांना एप्रिलमध्यें पोर्ट लुईस थांबावें लागलें. तेथें दुरुस्ती करून २१ मे २०१८ रोजीं त्या गोव्यास पोंचल्या. सर्वांत भयंकर समुद्र पार केल्यावर, ओळखीच्या पाण्यांत हा बिघाड झाला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. थांबण्याचें ठिकाण आधीं हेरून ठेवणें आणि अभिमान बाजूस ठेवून तेथें थांबणें, हाहि तयारीचाच भाग होय.

घरगुती सहलीला पृथ्वीप्रदक्षिणेची तयारी नको. पण त्याच तयारीची लहान प्रत मात्र हवी. सहा माणसें असतील तर दोघादोघांच्या तीन जोड्या कराव्या; प्रत्येक जोडीनें चार तास जागावें व आठ तास विश्रांति घ्यावी. नौकेचा तांडेल एकच असावा, आणि वादळांत त्याच्या शब्दावर चर्चा करूं नये. चर्चेची हौस किनाऱ्यावर भागवून घ्यावी. पहिले दोन-तीन दिवस समुद्र लागतो. त्या दिवसांत अन्न हलकें ठेवावें व दूरचा पल्ला गांठूं नये. रात्रीं नौकेच्या उघड्या भागावर जाणाऱ्यानें कमरेचा दोर नौकेस बांधल्याशिवाय पाऊल टाकूं नये. प्रवाळाच्या बेटाजवळ पोंचण्याची वेळ भर उजेडाची, सूर्य डोक्यावर किंवा पाठीशीं असतांनाची धरावी, कारण खोल पाणी निळें, उथळ पाणी हिरवट व खडक तपकिरी दिसतो, तो भेद तिरप्या उन्हांत कळत नाहीं. लक्षद्वीपास जावयाचें तर प्रवेशाची परवानगीहि आधींच मिळवावी लागते.

या सर्वांत दारव्ह्यासारख्या गांवच्या माणसानें स्वतःस उणें समजण्याचें कारण नाहीं. उन्हाळ्यांत घागरींतलें पाणी मोजून वापरण्याची संवय त्यास घरींच लागलेली असते, आणि पावसाच्या एका आठवड्याच्या उशिरानें काय होतें हें त्यास किनाऱ्यावरच्या माणसाइतकेंच ठाऊक असतें. त्यानें शिकावयाचें तें पोहणें, दोराच्या गांठी मारणें आणि नकाशा वाचणें. यांपैकीं पहिलें विहिरींत व बाकीचीं दोन ओसरीवर बसून शिकतां येतात. मग बेटाचा दिवस नक्की करण्यापूर्वीं त्याच सहा सोबत्यांनीं किनाऱ्याजवळ नांगर टाकलेल्या नौकेवर एक रात्र काढून पाहावी. ती रात्र बरी गेली तर बेटाचा बेत पक्का करावा. न गेली तर किनारा जवळच असतो.