पाटगावची गादी आणि महारवाडा

धर्मगुरूची परंपरा म्हटली की आपल्यापुढे एक लांबलचक नामावळी मांडली जाते. अमुक स्वामींचे शिष्य तमुक, त्यांचे शिष्य अमुक. आणि सर्वांच्या मुळाशी एखादा अवतारी पुरुष. या नामावळीला हात लावण्याचा अधिकार कुणाला नाही, असे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. कोल्हापूरच्या मातीत मात्र एका राजाने १९२० साली स्वतःच्या हुकुमाने एक जगद्गुरू उभा केला. त्या घटनेकडे आपण, म्हणजे गावकुसाबाहेरच्या माणसांनी, कसे पाहायचे, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळतो आहे.

मागची हकीगत सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १८९९ च्या कार्तिकात शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला जात. त्या वेळी भटजी पुराणोक्त मंत्र म्हणत होता, आणि तोही आंघोळ न करता. राजारामशास्त्री भागवतांनी हे महाराजांच्या ध्यानात आणून दिले. जाब विचारला तेव्हा, शूद्राला पुराणोक्तच चालते, असे उत्तर मिळाले. छत्रपतीच्या गादीवर बसलेला माणूसही भटजीच्या लेखी शूद्रच! पुढे राजोपाध्यांचे इनाम जप्त झाले. लोकमान्य टिळकांनी १९०१ च्या ऑक्टोबरात ‘केसरी’तून वेदोक्ताच्या मागणीविरुद्ध लिहिले. संकेश्वर-करवीर पीठाच्या स्वामींनी दरबाराला न विचारता शिष्य नेमला, तेव्हा त्या मठाच्या उत्पन्नावरही टाच आली. उत्पन्न अडल्यावर शास्त्राचा अर्थ बदलतो, हे तेव्हा कोल्हापूरने पाहिले. १९०५ साली त्याच पीठाकडून महाराजांचा वेदोक्ताचा अधिकार मान्य झाला. मला या सबंध प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत बोधप्रद वाटते.

पण मान्यता मिळाली तरी देणारा हात वरच राहिला. १९१७ साली डॉ. कुर्तकोटी करवीर पीठावर आले. ते विद्वान होते, नव्या विद्येशी परिचित होते. तरीही गादी ब्राह्मणांचीच होती. महाराजांना ती मुळातून नको झाली, आणि त्यांची नजर पाटगावकडे वळली.

पाटगाव हे भुदरगडातले, वेदगंगेच्या खोऱ्यातले गाव. तिथे शिवकाळात मौनीबाबा होऊन गेले. शिवाजी महाराज त्यांच्या दर्शनाला गेले होते. मौनीबाबांनंतर त्यांचे शिष्य तुरुतगिरी यांनी मठ चालवला. ही परंपरा रक्ताची नव्हती, वेदाच्या अधिकाराची नव्हती. न बोलणाऱ्या एका माणसाभोवती कुणबी-मराठ्यांची जी श्रद्धा जमली तिची ती होती. अशा मठाच्या गादीवर महाराजांनी बेनाडीचे सदाशिवराव पाटील या तरुण मराठ्याला बसवले आणि त्यांना ‘क्षात्रजगद्गुरू’ ही पदवी दिली. मराठ्यांनी आपले विधी आपल्याच माणसांकडून करून घ्यावेत, यासाठी शिवाजी वैदिक विद्यालयही काढले. जन्माने गुरुत्व मिळते, हा हजारो वर्षांचा समज एका नेमणुकीने उघडा पडला. पाटलाचा पोर जगद्गुरू होऊ शकतो, तर जगद्गुरू ही वस्तू माणसेच घडवतात हे सिद्धच झाले!

इथपर्यंत मी महाराजांच्या बरोबर आहे. पुढे मात्र माझी पावले अडखळतात.

‘क्षात्रजगद्गुरू’ हा शब्दच पाहा. जगाचा गुरू, आणि तो क्षत्रियांचा! जगाला क्षत्रियांचे कुंपण घातल्यावर त्या जगात महार कुठे बसतो, मांग-चांभार कुठे बसतो? महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला तो निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको म्हणून. महाराजांनी दलाल काढला नाही, दलाल बदलला. वेदोक्ताचा लढा वर्णव्यवस्थेविरुद्ध नव्हता, तो त्या व्यवस्थेतल्या वरच्या पायरीसाठी होता. हे म्हणताना जीभ चाचरते. कारण बोलतो आहे ते शाहू महाराजांविषयी.

कारण याच राजाने १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृह सुरू केले, १९१८ साली महारवतन मोडून आमच्या जमिनी रयताव्याने दिल्या, १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून आमची पोरे सर्वांच्या शाळेत बसवली. गंगाराम कांबळेच्या हॉटेलात जाऊन चहा घेतला. आणि १९२० च्या मार्चात, क्षात्रजगद्गुरू नेमण्याच्या काही महिने आधी, माणगावच्या परिषदेत त्यांनी आंबेडकर नावाच्या तरुणाकडे बोट दाखवून, हा तुमचा पुढारी, असे आम्हाला सांगितले. एकाच वर्षी एकाच माणसाने मराठ्यांना गुरू दिला आणि आम्हाला पुढारी दिला. आपल्या वाट्याला जगद्गुरू आला नाही याचे मला दुःख नाही. उलट आपले नशीब थोर, असेच मी म्हणेन. गुरूच्या पायावर डोके ठेवावे लागते. पुढाऱ्याबरोबर रस्त्यावर यावे लागते.

१९२२ च्या मे महिन्यात महाराज गेले. ज्या सत्तेच्या पाठबळावर नवी गादी उभी होती तिचा जोर ओसरला, आणि मराठ्यांच्या घरातली लग्ने, श्राद्धे बहुतांशी पुन्हा जुन्याच भटजींच्या हाती गेली. करवीरच्या पीठाचा प्रवास तर आणखी चमत्कारिक. येवल्याच्या घोषणेनंतर, १९३६ साली अस्पृश्यांनी शीख व्हावे अशी बोलणी डॉ. मुंजे करीत होते, तेव्हा डॉ. कुर्तकोटींचा त्या योजनेला पाठिंबा होता. स्वतःच्या मंदिराचे दार उघडण्यापेक्षा शंकराचार्यांना आम्हाला दुसऱ्याच्या दारात पोचवणे सोपे वाटले.

आमच्या आजोबांचे बालपण वतनाच्या अखेरच्या दिवसांतले. येसकरकीची काठी त्यांनी बापाच्या हातात पाहिली होती, स्वतः धरली नाही. त्यांच्या खोलीत भिंतीवर तीन तसबिरी होत्या : बुद्ध, बाबासाहेब आणि फेटा बांधलेले शाहू महाराज. एकदा मी त्यांना क्षात्रजगद्गुरूंविषयी विचारले. त्यांनी थोडा वेळ आठवून पाहिले. मग म्हणाले, “असंल बाबा कोण तरी. आपल्या वाड्यात काय आला न्हाई त्यो.”