उशिरा आलेला निळा रंग

वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवताना मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांकडून 'फिस्के-सुब्बाराव पद्धती'ने रक्तातला फॉस्फरस मोजून घेतला. परीक्षानळीत निळा रंग येतो. तो जितका गडद, तितका फॉस्फरस अधिक. यातले सुब्बाराव कोण, हे मला कुणी विचारले नाही आणि मीही कधी सांगितले नाही.

येल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातल्या भीमवरमचे, जन्म १८९५चा. मद्रासला वैद्यकी शिकताना खादी वापरल्याने रोष ओढवला आणि एमबीबीएसऐवजी एलएमएस ही दुय्यम पदवी हाती पडली. १९२३ साली ते बोस्टनला पोहोचले. हार्वर्डमध्ये उष्ण प्रदेशांतल्या रोगांची पदविका घेतली, पोटासाठी इस्पितळात रात्रपाळीची हलकी कामे केली. मग तिथल्याच मेडिकल स्कूलमध्ये सायरस फिस्के यांच्या प्रयोगशाळेत शिरले. रोगी तपासायला शिकलेल्या माणसाने पुन्हा विद्यार्थी व्हायचे आणि एकाच प्रश्नामागे वर्षे घालवायची, असे ते शिक्षण होते.

फॉस्फरस मोजण्याची पद्धत १९२५ साली प्रसिद्ध झाली. पण स्नायूच्या अर्कात निळा रंग रेंगाळत येई. आता माझी गोष्ट सांगतो. एका विद्यार्थिनीच्या नळीत असाच रंग मागाहून चढला, तेव्हा मी तिला ती ओतून टाकून प्रयोग पुन्हा करायला लावले होते. या दोघांनी नळी ओतली नाही. आम्लात हळूहळू फुटून फॉस्फेट सोडणारे काहीतरी स्नायूत असले पाहिजे, हे त्यांनी ताडले. ते होते फॉस्फोक्रिएटिन, साल १९२७. पाठोपाठ १९२९ मध्ये एटीपी. जर्मनीत लोमान यांनाही ते त्याच वर्षी सापडले. स्नायूला बळ कुठून मिळते, याबद्दलची आधीची समजूत या शोधांनी बदलली.

आणि पीएच.डी. मिळाली १९३०मध्ये, एटीपीच्याही नंतर!

कायमची नेमणूक मात्र हार्वर्डमध्ये मिळाली नाही. १९४०मध्ये सुब्बाराव लेडर्ले या औषध कंपनीत गेले. तिथे त्यांच्या चमूने फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार केले आणि त्याला विरोध करणारी संयुगेही बनवली. त्यांतले अमिनोप्टेरिन सिडनी फार्बर यांनी १९४७च्या अखेरीस रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिले. काहींचा रोग काही महिने तरी हटला. पुढचे मेथोट्रेक्सेट आपल्याकडच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आजही असते. हे उपचार बोस्टनमध्येच झाले. सुब्बाराव १९४८ साली, त्रेपन्नाव्या वर्षी गेले.